नववी-दहावीचा करिअर प्रोजेक्ट: या चुका टाळा

दरवर्षी ‘माझे भावी करिअर’ या विषयावरचे प्रोजेक्ट तपासायला माझ्याकडे येतात. पहिलं पान बहुधा सुरेख असतं. ठळक मथळा, नेटवरून काढलेला स्टेथोस्कोप किंवा विमान, भोवती चकाकती नक्षी. पुढची वीस पानं चाळली तरी डॉक्टरच्या प्रोजेक्टमध्ये एकही डॉक्टर भेटत नाही. अकरावीला शाखा निवडायच्या आधी एखादं काम जवळून बघायची ही संधी असते आणि गोव्यात ती सहज मिळते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गावात, ज्याला भेटायचंय त्याला ओळखणारं कोणीतरी निघतंच. तरीही मुलं फोन हातात घेऊन घरी बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे प्रवेशाच्या अटी शेवटी बघणं, किंवा न बघणंच.

मुरगाव तालुक्यातला एक मुलगा. घरात काका बोटीवर, शेजारी बोटीवर, त्यामुळे यानंही तेच ठरवलेलं. त्याचा मर्चंट नेव्हीचा प्रोजेक्ट मी प्रदर्शनात पाहिला होता. हातभर लांब जहाज, बंदरांचा नकाशा, कॅडेटपासून कॅप्टनपर्यंतच्या हुद्द्यांचा तक्ता. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे त्यानं सायन्स घेतलं, त्यासाठीच्या आयएमयू-सीईटी या प्रवेशपरीक्षेचा क्लास लावला, घरच्यांनी पैसे भरले. वैद्यकीय तपासणीत कळलं की त्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट ओळखता येत नाही. डेकवरची, म्हणजे जहाज चालवण्याच्या कामाची वाट तिथंच बंद झाली. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. रात्री समोरचं जहाज कुठल्या दिशेनं चाललंय हे या दिव्यांवरून ओळखतात. तिथं सवलत मिळणं शक्यच नाही. ही तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या पानांवर काही मिनिटांत होते. नववीतच झाली असती, तर पोरानं ती दोन वर्षं दुसऱ्या कशाला तरी दिली असती. त्या प्रदर्शनात जहाजाचं कौतुक करणाऱ्या एकाही परीक्षकानं ‘अटी वाचल्यास का?’ असं विचारलं नाही, याचा राग मला अजून आहे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना वहीचं पहिलं पान मी अटींसाठीच ठेवायला लावते. शाखा कुठली, विषय कुठले, किमान टक्के किती, प्रवेशपरीक्षा कोणती, वयाची किंवा तब्येतीची अट आहे का. डेक कॅडेट होण्यासाठीच्या डीएनएस या डिप्लोमाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून सरासरी ६० टक्के लागतात आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५०. एमबीबीएसला ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा चुकत नाही. आर्किटेक्चरला गणित लागतंच. चित्रकला चांगली आहे म्हणून तिकडे जायचं ठरवलेल्या आणि गणित सोडून बसलेल्या मुली मला भेटल्या आहेत. ही माहिती संस्थेच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकातून घ्या. क्लासच्या जाहिरातीतून किंवा शेजारच्या दादाच्या आठवणीतून घेऊ नका, अटी बदलत असतात. हे पान कंटाळवाणं आहे हे मला मान्य आहे. पण ज्याला ते भरायचाही धीर नाही, त्यानं जहाजाचं मॉडेल करण्यात महिना घालवू नये.

दुसरी चूक मुलाखतीतली. ‘आपल्या व्यवसायाचे फायदे व तोटे सांगा’ हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक वहीत दिसतो आणि उत्तरंही तीच: मेहनत, चिकाटी, आवड. अशा उत्तरांतून कामाचं काहीच कळत नाही. म्हापशाकडची एक मुलगी शेफ व्हायचं म्हणून एका हॉटेलच्या शेफला भेटून आली. छापील दहा प्रश्न, सुविचारासारखी दहा उत्तरं. मी तिला परत पाठवलं. या वेळी एकच प्रश्न न्यायचा होता: ‘काल कामावर आल्यापासून घरी जाईपर्यंत काय काय केलंत?’ आता वही भरून आली. सकाळी आधी फ्रीजच्या तापमानाची नोंद. मग आलेल्या मासळीचे कल्ले उघडून बघणं आणि शिळी निघाली तर पुरवठादाराशी वाद. कोण रजेवर आहे त्याप्रमाणे पाळ्या लावणं. दिवसभर उभं राहणं. नाताळ आणि नवं वर्ष घरी नाही, कारण हॉटेलात तेव्हाच सगळ्यात जास्त गर्दी. एवढं ऐकूनही तिला शेफच व्हायचं होतं, आणि आता तिच्या त्या म्हणण्याला वजन होतं.

वेळही बघून जा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हॉटेलवाल्याला गाठून ‘सर, पाच मिनिटं’ म्हणणाऱ्या मुलांना माझी अजिबात सहानुभूती नाही. मासेमारी बघायची असेल तर मालीमच्या जेटीवर दोनदा जावं लागेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीमुळे ट्रॉलर बंद असतात. तेव्हा लोक जाळी दुरुस्त करत बसलेले असतात आणि निवांत बोलतात. प्रत्यक्ष काम बघायला मात्र बंदी उठल्यावर, पहाटे उठूनच जायचं.

भेटायला सगळ्यात यशस्वी माणूस शोधू नका. वीस वर्षांपूर्वी आत शिरलेल्या माणसाला आजचं दार कसं आहे ते ठाऊक नसतं. कामाला लागून दोन-तीन वर्षं झालेला कोणी तरी गाठा, आणि जमलं तर ते काम सोडलेलाही.

पगाराचा आकडा नेटवरून उचलू नका. इथं सुरुवातीला किती मिळतात ते इथल्याच माणसाला विचारा, तेही शेवटी.

एआयकडून लिहून घेतलेला प्रोजेक्ट दुसऱ्या परिच्छेदात ओळखू येतो. आईनं लिहिलेला पहिल्याच.

जवळचं न बघणं ही तर आपल्याकडची खास चूक. ‘समुद्रशास्त्रज्ञ व्हायचंय’ म्हणणारी मुलं डॉल्फिनची चित्रं चिकटवतात, आणि १९६६ पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला आहे हे त्यांच्या वहीत कुठंच नसतं. तिथल्या कोणाशी बोललात तर कळेल की या कामात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूगर्भशास्त्र अशा सगळ्यांनाच जागा आहे आणि बराच वेळ पाण्यापेक्षा प्रयोगशाळेत आणि संगणकासमोर जातो. फर्मागुढीला इंजिनिअरिंग कॉलेज बघायला मुलांना घेऊन जाणारे पालक तिथल्याच आयटीआयकडे ढुंकूनही बघत नाहीत. हा तोरा सोडा. वेल्डिंग किंवा रेफ्रिजरेशन शिकलेल्या मुलांशी बोला आणि मग ठरवा.

गटानं प्रोजेक्ट असेल तर ‘एकानं लिहायचं, एकानं सजवायचं’ अशी वाटणी मी चालवून घेत नाही. पाच जण असतील तर पाच जणांनी पाच वेगवेगळ्या माणसांना भेटायचं आणि प्रत्येकानं आपलं पान आपल्या अक्षरात लिहायचं. प्रोजेक्ट पूर्ण झाला की त्याची एक प्रत ज्यांनी वेळ दिला त्यांना स्वतः नेऊन द्यायची. वाचताना ते हमखास म्हणतात, ‘हे असं नाही, थोडं वेगळं आहे.’ ती दुरुस्तीही वहीत लिहून घ्या.