साखरपुड्याची अंगठी: हिरा दुकानाबाहेर बघा

लक्ष्मी रोडवरच्या दुकानातल्या दिव्यांखाली कुठलाही हिरा झगमगतो. दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात बघा. प्रमाणपत्रावरचा नंबर बहुतेकदा हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो, तो भिंगातून स्वतः वाचा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. सोनं १८ कॅरेटच घ्या (शिक्का ७५०). २२ कॅरेट मऊ, खडा सैल व्हायची भीती.

माप गारठ्यात नको, तेव्हा बोटं आकसतात. आमच्या वहिनीचं माप डिसेंबरातल्या सकाळी घेतलं आणि मे महिन्यातल्या साखरपुड्यात अंगठी पेरावरच अडकली. गुरुजी थांबले, साबण आला.

हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि लहान मुलांचा मऊ ब्रश पुरे. धुवायचं वाडग्यात, बेसिनवर नाही. कणीक मळताना काढूनच ठेवा.