जुन्या पिंजऱ्याने घर सजवताना या चुका टाळा

जुन्या घराचा माळा आवरायला घेतला, की पितळी घंगाळ, मोडका पाळणा आणि कुणीच न वाचलेल्या दिवाळी अंकांचे गठ्ठे यांच्या मागे एखादा पोपटाचा पिंजरा हमखास सापडतो. एके काळी तो ओसरीवर टांगलेला असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आतून ‘कोण आहे’ अशी विचारणा होत असे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांच्यामुळे देशी पोपट पाळणे आणि विकणे गुन्हा ठरले; पोपट गेले, पिंजरे तेवढे राहिले. आता तेच पिंजरे दिव्याचे झुंबर, वेलीचा आधार किंवा कोपऱ्यातली शोभेची वस्तू होऊन दिवाणखान्यात परतत आहेत. ज्यांच्या माळ्यावर पिंजरा नाही, ते पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात तो शोधतात.

मी गेल्या काही वर्षांत स्वतःचे आणि नातेवाइकांचे मिळून सात-आठ पिंजरे दुरुस्त केले. त्यांत जे बिघडले, ते बहुतेक वेळा एकाच विसराळूपणामुळे बिघडले: हा पिंजरा सुमारे सव्वाशे ग्रॅम वजनाच्या पाहुण्यासाठी बांधलेला आहे, हे आपण लक्षात ठेवत नाही. त्याच्या तारा, सांधे आणि वरची कडी या सगळ्यांचा हिशेब त्या सव्वाशे ग्रॅमचा असतो. त्यात आपण कुंडी ठेवतो, वीज खेळवतो, पाणी ओततो, त्याला आगीवर धरतो आणि मग जुन्या वस्तू टिकत नाहीत म्हणून हळहळतो.

विकत घेताना

पहिली फसगत बाजारातच होते. पिवळा दिसतो म्हणून पिंजरा पितळी असेलच असे नाही. लोखंडी तारेवर पितळेचा मुलामा दिलेले पिंजरे भरपूर असतात. खिशात छोटा लोहचुंबक ठेवावा. तो चिकटला तर आत लोखंड आहे आणि त्याला पितळेचा भाव देण्याचे कारण नाही. मुद्दाम काळवंडून जुने केलेले नवे पिंजरेही ‘व्हिंटेज’ म्हणून विकले जातात. ते वाईट असतात असे नव्हे, पण ते नव्याच्या दराने घ्यावेत. खरा वापरलेला पिंजरा सारखा झिजलेला नसतो. दाराची कड, वरच्या कडीची आतली बाजू आणि वाटी अडकवण्याची जागा इथे तो गुळगुळीत झालेला असतो आणि बाकी जागी तितका नाही. दांडी लाकडी असेल तर तिच्यावर चोचीचे चावे दिसतात. नकली वस्तूवर काळपटपणा सगळीकडे सारखाच असतो, एखाद्या शाळकरी मुलाने कंटाळून चित्र रंगवावे तसा.

वरची कडी मात्र बोटाने चाचपून पाहावी. वर्षानुवर्षे हेलकावे खाऊन ती आतून निम्मी झिजलेली असू शकते आणि खालून पाहणाऱ्याला ते कळत नाही. लाकडी किंवा वेताचा पिंजरा असल्यास तो कागदावर ठेवून हलकेच आपटावा; बारीक पिवळसर भुकटी पडली तर आत कीड जिवंत असण्याची शक्यता आहे आणि ती घरातल्या सागवानी कपाटापर्यंत पोहोचू शकते.

स्वच्छता करताना

पिंजरा घरी आला की पहिले पाऊल बहुतेक जण चुकीचे टाकतात: कोरड्या ब्रशने किंवा झाडूने आतली सुकलेली घाण खरवडतात. पक्ष्यांच्या सुकलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत जाणे धोक्याचे असते. पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा फुप्फुसाचा संसर्ग अशाच धुळीतून पसरतो. वीस-पंचवीस वर्षे माळ्यावर पडलेल्या पिंजऱ्यात त्याचे जंतू जिवंत असण्याचा संभव कमी असला, तरी बाजारातून आणलेला पिंजरा कालपर्यंत कुणाच्या वापरात होता हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून तो गच्चीत किंवा अंगणात नेऊन आधी साबणाच्या पाण्याने पूर्ण भिजवावा, मास्क आणि हातमोजे घालूनच घासावा आणि तळाचा ट्रे वेगळा काढून धुवावा.

दुसरा धोका रंगाचा आहे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या हिरव्या, पिवळ्या, लाल तैलरंगांत शिसे असू शकते असे गृहीत धरूनच काम करावे. अशा रंगावर कोरडा पॉलिश पेपर फिरवला की त्याची भुकटी घरभर होते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. त्याऐवजी पाणी लावून वॉटर पेपरने घासावे, निघालेला चिखल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून टाकावा आणि घट्ट चिकटलेला रंग मुळीच न काढता त्याच्यावर नवा थर द्यावा. माझे स्पष्ट मत असे आहे की रंग अर्धवट उडालेला पिंजरा तसाच छान दिसतो, हे कारण शिशाच्या रंगाला लागू होत नाही. सुटणारी खपली झाकलीच पाहिजे.

गंज काढण्यासाठी संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड वापरण्याचा मोह अनेकांना होतो. पाच मिनिटांत तार चकाकते खरी, परंतु ते अ‍ॅसिड तारांच्या जोडात शिरून बसते आणि दोन आठवड्यांत आधीपेक्षा जास्त गंज बाहेर येतो. शिवाय पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर तोही ते खाऊन टाकते. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास भिजवून तारेच्या ब्रशने घासणे सावकाशीचे काम आहे, पण खात्रीचे आहे. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पिंजरा त्याच तासात कोरडा करावा. हेअर ड्रायर इथे उपयोगी पडतो. पितळेला चिंच किंवा पितांबरी चालते, मात्र घासून झाल्यावर फटींत राहिलेली चिंच हिरवट डाग पाडते, म्हणून जुना टूथब्रश आणि भरपूर पाणी हवे.

आता माझी फजिती. पहिल्या पिंजऱ्यावर तैलरंगाचे चार थर होते आणि ते घासण्याचा कंटाळा येऊन मी ब्लो टॉर्चने रंग जाळायला घेतला. घुमटाचा रंग सुरेख फुगून सुटू लागला, आणि मिनिटभरात टिक्, टिक् असा आवाज करत तारा एकेक करून फरशीवर पडू लागल्या. अकरा तारा पडल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या पिंजऱ्यांच्या तारा बहुधा डाख देऊन (सोल्डर करून) जोडलेल्या असतात आणि कथील-शिशाची डाख सुमारे १९० अंश सेल्सिअसला वितळते. टॉर्चची ज्योत त्याच्या कितीतरी पट तापलेली असते. पुन्हा डाख देणारा कारागीर शोधायला मला तीन आठवडे लागले आणि त्याने घेतलेल्या पैशांत दुसरा पिंजरा आला असता. शिशाचा रंग जाळल्याने त्याची वाफ नाकात जाते आणि जस्ताचा मुलामा जळला तर त्याच्या धुराने ताप भरतो, हे त्यानंतर कळले. रंग काढायचा असेल तर पेंट रिमूव्हर लावावा आणि तोही उघड्यावर.

रंग टिकत नसेल तर

रंग दिल्यावर महिनाभरात त्याच्या सालपटासारख्या पट्ट्या निघत असतील, तर पिंजरा बहुधा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचा आहे. जस्तावर साधा तैलरंग थेट धरत नाही. दोघांच्या संयोगाने मधे साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सुटतो. अशा तारेसाठी जस्तावर पकड धरणारा वेगळा ‘एच’ (etch) प्रायमर मिळतो, तो आधी लावावा. साध्या लोखंडी तारेला रेड ऑक्साइड प्रायमर पुरतो. रंगावरून तपकिरी ठिपके उमटत असतील, तर गंज जोडाच्या आत राहिला आहे आणि वरून आणखी रंग देऊन काही होणार नाही. फवारणीचा लॅकर पांढुरका, दुधाळ दिसत असेल तर तो दमट हवेत मारलेला आहे. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. रंगाचा एकच जाड थर देऊन मोकळे होण्यापेक्षा पिंजरा दोरीला टांगून, फिरवत, तीन पातळ थर द्यावेत, कारण तार गोल असते आणि तिची मागची बाजू नेहमी उपाशी राहते.

टांगताना

आठ इंची कुंडीत चार लिटरच्या आसपास माती मावते आणि ती ओली झाली की सहा किलोंच्या घरात जाते. म्हणजे एका पोपटाच्या जागी आपण अठ्ठेचाळीस पोपट बसवले. तळाचा पत्रा आधी पोटासारखा खाली येतो, मग त्याच्या कडेचा सांधा सुटतो. हे टाळण्यासाठी भार पिंजऱ्यावर टाकूच नये: कुंडीला तिची स्वतःची साखळी द्यावी, ती घुमटातून वर नेऊन थेट छताच्या हुकाला अडकवावी आणि पिंजरा तिच्याभोवती नुसता आवरणासारखा राहू द्यावा. मातीऐवजी कोकोपीटचे मिश्रण घेतल्यास वजन बरेच उतरते.

छताचा हुकही बघावा लागतो. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगला लावलेला स्क्रू वजन घेत नाही. त्याच्या वर असलेल्या स्लॅबपर्यंत जाऊन अँकर फास्टनर बसवायला हवा. जुन्या वाड्यात तुळईला झोपाळ्याची कडी असेल तर तिच्याइतकी विश्वासू जागा नाही. खालून चालणाऱ्या माणसाच्या डोक्याचा विचार सगळे करतात, परंतु पंख्याच्या पात्याचा करत नाहीत. वाऱ्याने हेलकावणारा पिंजरा पंख्यापासून निदान तीन फूट दूर असावा.

दिवा बसवताना

ही सर्वांत गंभीर चूक आहे आणि ती सर्रास होते. धातूचा पिंजरा, त्यात पितळी होल्डर, आणि दाराच्या फटीतून आत नेलेली साधी दोन तारांची वायर. पिंजरा हलतो, तारेची धारदार कड वायरचे प्लॅस्टिक हळूहळू कापते आणि एके दिवशी सगळा पिंजराच ‘जिवंत’ होतो. म्हणून वायर तीन तारांची घ्यावी, तिसरी तार पिंजऱ्याच्या अंगाला घट्ट जोडून अर्थिंग द्यावे, होल्डर बॅकेलाइटचा असावा आणि वायर आत शिरते त्या भोकाला रबरी ग्रॉमेट, म्हणजे कडेपासून वायर वाचवणारे कडे, बसवावा. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर उत्तम. पण ती आहे म्हणून अर्थिंग टाळू नये. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी बॅटरीवरची एलईडी माळ आत सोडावी.

जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब आत लावू नये. तो जवळजवळ सगळी वीज उष्णतेत घालवतो, आणि पिंजऱ्याला दिवाळीत कागद किंवा कापड लावून आकाशकंदील केला असेल तर ती उष्णता कुठे जाणार, हे सांगायला नको. पाच ते सात वॉटचा एलईडी पुरतो. खरी मेणबत्ती तर नकोच. तिची ज्योत लहान दिसते, पण तिच्या नेमक्या वर घुमटाचा सांधा असतो आणि तिथली डाख आठवावी.

दिवा लावल्यावर भिंतींवर जाड काळ्या रेघा पडून सगळी खोलीच पिंजऱ्यात गेल्यासारखी वाटते, अशी तक्रार मला अनेकदा ऐकायला मिळते. पारदर्शक काचेच्या बल्बमधला प्रकाश एका बिंदूतून निघतो आणि प्रत्येक तारेची सावली कापून काढतो. बल्ब दुधी काचेचा आणि आकाराने मोठा घेतला की त्याच सावल्या मऊ होतात. माझ्या बहिणीकडे एवढ्या एका बदलाने प्रश्न मिटला. तोवर तिच्या सासूबाई संध्याकाळी त्या खोलीत बसायला तयार नव्हत्या.

झाडे, आणि जिवंत पक्षी

मनी प्लांट आत लावू नये. तो तारांत असा गुंततो की दोन वर्षांनी झाड कापल्याशिवाय पिंजरा रंगवता येत नाही. खाली लोंबणारा स्पायडर प्लांट बरा. ट्रेमध्ये साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी रिकामे करावे, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

दुरुस्त केलेल्या पिंजऱ्यात कुणाच्या हौसेखातर लव्हबर्ड्स ठेवण्याची चूक मात्र कधीही करू नये. पक्षी तारा चावतात, आणि शिसे व जस्त या दोन्हींनी त्यांना विषबाधा होते. सजावटीचा पिंजरा हा एकदा सजावटीचा झाला की झाला.

पिंजरा बाल्कनीत टांगणार असाल तर दाराकडे लक्ष द्यावे. अर्धवट उघडे दार वाऱ्याने मिटते. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक शिंजीर पक्षी आत शिरला आणि दुपारभर तारांवर आपटत राहिला. आम्ही बाहेरगावी असतो तर संध्याकाळी काय दिसले असते, ते नको. तेव्हापासून दार पूर्ण उघडून बारीक तांब्याच्या तारेने बाजूच्या गजाला दोन ठिकाणी बांधलेले आहे, आणि दर पावसाळ्याआधी ती तार मी हाताने ओढून पाहतो.