किमान वेतन वाढवूनही दरी कमी होत नाही? या चुका टाळा

उत्पन्नातली विषमता कमी करायची म्हटलं की सरकारं आधी किमान वेतनाकडे वळतात. मार्ग योग्यच आहे. पण अंमलबजावणीत त्याच त्या चुका होतात आणि खापर मात्र धोरणावर फुटतं.

दर ठरवून विसरून जाणं

अमेरिकेतला संघीय किमान दर जुलै 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवर अडकला आहे. टिप मिळणाऱ्या कामगारांना मालकाने द्यायची किमान रोख रक्कम तर 1991 पासून 2.13 डॉलरच आहे. महागाई वाढत राहते, म्हणजे कुणी काही न करताही हा दर दरवर्षी घटतो. म्हणून दर कधी आणि कुणी तपासायचा हे कायद्यातच लिहिलेलं हवं.

नोकऱ्या जातील या भीतीने थांबणं, किंवा ती भीती उडवूनच लावणं

1992 मध्ये न्यू जर्सीने किमान दर 4.25 वरून 5.05 डॉलर केला; शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केला नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडची फास्ट फूड दुकानं तपासली, तर न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं दिसलं नाही. पण म्हणून कितीही दर चालेल असं नव्हे. दर मध्यक वेतनाच्या (निम्मे कामगार ज्याहून कमी आणि निम्मे ज्याहून जास्त कमावतात ते वेतन) किती टक्के आहे ते पाहा; युरोपीय संघाच्या 2022 च्या निर्देशात त्यासाठी 60 टक्क्यांचा संदर्भ दिला आहे. गरीब प्रदेशात तोच दर जास्त जड जातो, तिथे वेगळं मोजा.

फक्त तासाचा दर पाहणं

कधी कधी दर वाढतो, तरी कामगाराच्या हातात काहीच जास्त पडत नाही. अशा वेळी पगाराची पावती आणि हजेरी शेजारी ठेवा. पावतीवर आठवड्याचे 40 तास, प्रत्यक्षात काम 48 तास: खरा दर तिथल्या तिथे एक षष्ठांशाने घसरला. त्यात गणवेशाची कपात धरली की तो आणखी खाली. पूर्णवेळ माणसाला अर्धवेळ करणं ही दुसरी पळवाट. म्हणून निरीक्षकांची संख्या, तासांची सक्तीची नोंद आणि तक्रार करणाऱ्याला संरक्षण यांवर खर्च व्हायलाच हवा. मला तर हे दराच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

ज्या घरात पगारच येत नाही, ते घर विसरणं

दक्षिण आफ्रिकेने 2019 मध्ये तासाला 20 रँड हा राष्ट्रीय किमान दर लागू केला. तेव्हा तिथे श्रमशक्तीत चौघांमागे एकाहून जास्त जण बेरोजगार होते. त्यांच्यापर्यंत किमान वेतन पोहोचत नाही; तिथे रोजगार योजना आणि थेट भत्ते लागतात. म्हणून कामगारांच्या पगारातली विषमता आणि कुटुंबांच्या उत्पन्नातली विषमता वेगवेगळी मोजा.

कामगार संघटनांचे फक्त सभासद मोजणं

फ्रान्समध्ये दहातला जेमतेम एक कामगार संघटनेत आहे, तरी सामूहिक करार, म्हणजे संघटना आणि मालक यांनी मिळून केलेले पगाराचे करार, बहुसंख्य कामगारांना लागू होतात, कारण सरकार ते संपूर्ण उद्योगाला लागू करतं. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये तर कायद्याने ठरलेलं किमान वेतनच नाही. पगाराचा तळ करारच ठरवतात. किमान वेतन सर्वांत खालच्यांना उचलतं, मधल्या पगारांना बळ हवं असेल तर असे करार लागतात.

कराराचं नाव बदललं की काम झालं असं मानणं

स्पेनने 2021 च्या अखेरीस तात्पुरत्या करारांवर निर्बंध आणले आणि त्यांचं प्रमाण झपाट्याने घटलं. पण बऱ्याच जणांना मिळाले ते हंगामी स्वरूपाचे कायम करार, ज्यात वर्षातले काही महिने कामच नसतं. यश मोजायचं तर वर्षभरात प्रत्यक्ष किती दिवस काम मिळालं आणि एकूण किती कमाई झाली, ते पाहा.