रेशीम सुटतंय, रंग गढूळ होतायत? फेल्टचं चित्र करताना या चुका टाळा

फेल्ट म्हणजे लोकरीचे तंतू साबणपाण्यात घासून एकजीव केलेलं कापड; त्यावर रंगीत लोकर आणि रेशीम मांडून चित्र करतात. ते वाळल्यावर वरचं रेशीम सुटून आलं की पहिला आळ साबणावर येतो, नाहीतर रेशमाच्या दर्जावर. खरं तर रेशमाला जे जमतच नाही, ते काम आपण त्याच्यावर सोपवलेलं असतं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, पाणी, साबण आणि घर्षण मिळालं की तंतू एकमेकांत सरकतात आणि खवल्यांमुळे त्यांना मागे फिरता येत नाही. रेशीम गुळगुळीत असतं, त्यामुळे ते धरून ठेवायचं काम लोकरीनेच करायचं.

म्हणून रेशमाची जाड बट तशीच ठेवून देऊ नका. खालच्या लोकरीचे तंतू रेशमातून वर आले तरच ते पक्कं बसतं, आणि दाट थरातून त्यांना वाट मिळत नाही. खालचा रंग दिसत राहील इतकं विरळ पसरा. एखाद्या जागी दाट चकाकीच हवी असेल, तर त्यावर त्याच रंगाच्या लोकरीचे मोजके तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे टाका. काम पुरं झाल्यावर ते शोधूनही सापडत नाहीत. खरखरीत बोटांना रेशीम अडकून मांडणी विस्कटते. आधी हाताला क्रीम लावून ते मुरू द्या.

मशीनमध्ये धुता येणारी ‘सुपरवॉश’ लोकर या कामाला घेऊ नका. तिचे खवले काढलेले किंवा लेपाने झाकलेले असतात. दिवसभर घासलीत तरी ती फेल्ट होणार नाही. सुरुवातीला मेरिनो मेंढीची लोकर बरी.

लोकरीचा पेळू, म्हणजे विंचरलेल्या तंतूंचा लांब सैल पट्टा, कात्रीने कापू नका. एका हातात सैल धरा आणि दुसऱ्या हाताने टोकाचे तंतू अलगद ओढून घ्या. तंतू निघत नसतील तर दोन्ही हात फार जवळ आहेत, अंतर वाढवा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्या, एक उभा, पुढचा आडवा. मग तळव्याने हलकेच चाचपून पाहा. कुठे पोकळ लागलं तर तिथे पुढे भोक पडणार, हे नक्की. कोरडं असतानाच भरून घ्या.

रंग बिघडण्याची कारणं दोन, आणि त्यांचे उपाय अगदी वेगळे. काळ्या आकाशावरचा पिवळा चंद्र मळकट दिसला, तर त्यात रंगाचा दोष नाही. खालचे काळे तंतू वर आलेत. चंद्राखाली आधी पांढऱ्या लोकरीचा थर द्या. त्याहून चांगलं म्हणजे पिवळ्या लोकरीचं अर्धवट फेल्ट करून त्यातून चंद्र कापा आणि तो मांडा. कडाही रेखीव येतात. पण फेसच पिवळा-काळा होत असेल, तर रंग पक्का नाही. मांडणीआधी प्रत्येक रंगाची एक बट कोमट साबणपाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर दाबून पाहा. घरी ॲसिड डायने (लोकर-रेशमावर आम्लाच्या मदतीने चढणाऱ्या रंगाने) रंगवत असाल तर व्हिनेगर घाला, पाणी हळूहळू तापवा आणि भांड्यातलं पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत थांबा. खळखळ उकळणं आणि सारखं ढवळणं मात्र नको, लोकर भांड्यातच गोळा होते. एकाच भांड्यात रंगवलेली लोकर आणि रेशीम एकाच छटेची येतील, अशी अपेक्षा ठेवू नका.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती पहिल्या काही मिनिटांत. लोकर ओली झाली की हात शिवशिवतात आणि जोरात घासणं सुरू होतं. चित्र सरकतं, रेशमाच्या रेघा वाकड्या होतात. आधी वर जाळी घाला, कोमट साबणपाणी शिंपडा आणि नुसतं दाबून हवा बाहेर काढा. मग हलकं घासा, मधूनमधून जाळी उचला, नाहीतर तंतू तिच्यातच गुंततात. फेसाचे डोंगर झाले तर साबण जास्त झालाय. तंतू नुसते घसरत राहतात. हात अडखळत असेल तर साबण कमी पडलाय. चिमटीत धरल्यावर सुटे तंतू न येता अख्खा पापुद्रा उचलला गेला की मगच गुंडाळी करून लाटायला घ्या, आणि दर वेळी दिशा बदला. फेल्ट लाटण्याच्या दिशेने जास्त आटतं, त्यामुळे दिशा बदलली नाही तर चौकोनाचा आयत होतो.

आटणं आधीच हिशोबात धरा. त्याच लोकरीचा 20 सेंमीचा चौकोन 14 सेंमीवर आला, तर 42 सेंमीच्या चित्रासाठी मांडणी 60 सेंमीची हवी.

आणि वाळल्यावर रेशीम सुटलेलं दिसलंच तर? फेल्ट अजून मऊ असेल तर ओलं करा, सुटलेल्या जागी लोकरीचे तंतू टाका आणि पुन्हा दाबण्यापासून सुरुवात करा. घट्ट झालेलं फेल्ट नवीन लोकर सहज घेत नाही. तिथे फोमवर ठेवून 38 किंवा 40 गेजच्या (आकडा मोठा तितकी सुई बारीक) फेल्टिंग सुईने लोकरीचे तंतू टोचून बसवा. सुई ज्या कोनात आत जाईल त्याच कोनात बाहेर काढा, तिरकी केली की मोडते. तेही नको असेल तर रेशमी दोऱ्याचे चार बारीक टाके घातले तरी भागतं.