मुलांना फ्यूजन ऑर्केस्ट्रा ऐकवताय? या चुका टाळा

सिंफनी आणि रॉक, व्हायोलिनचा ताफा आणि डीजे, ऑर्केस्ट्रा आणि जॅझ. असं काही लावलं की मुलं आपोआप रमतील, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दुसऱ्याच मिनिटाला पोरगं उठून जातं. किंवा मस्त नाचतं, पण "काय काय वाजत होतं?" असं विचारलं तर उत्तर एकच येतं: ड्रम! हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण आपल्याला वाटतं जमलं.

ऑर्केस्ट्रा नुसता भरणीला असलेला ट्रॅक निवडणं

सगळ्यात मोठी चूक हीच. फ्यूजन म्हणून मिळणाऱ्या कितीतरी ट्रॅकमध्ये गाणं आणि ठेका जसाच्या तसा असतो आणि मागे व्हायोलिनचे लांबलचक सूर पसरलेले असतात. परीक्षा सोपी आहे. ट्रॅक आधी स्वतः ऐका आणि विचार करा, ऑर्केस्ट्रा काढून टाकला तर काही बिघडेल का? बिघडणार नसेल तर तो ट्रॅक नाचायला ठेवा, ऑर्केस्ट्राची ओळख करून द्यायला नको. शब्द असलेलं गाणंही सुरुवातीला टाळा. शब्द आले की कान तिकडेच धावतो.

मग लावायचं काय? अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनची 1924 सालची 'रॅप्सडी इन ब्लू', म्हणजे जॅझ आणि ऑर्केस्ट्रा यांचा मेळ घालणारी रचना, हा माझ्या मते उत्तम आरंभ. तिचे पहिले काही सेकंदच पुरतात. एकटा क्लॅरिनेट खालच्या सुरावर थरथरतो आणि तिथून घसरत घसरत, कण्हल्यासारखा, थेट वर जातो. गर्श्विनने तिथे सुटे सुटे सूर लिहिले होते. तालमीत क्लॅरिनेटवादक रॉस गोर्मनने गंमत म्हणून ते घसरवले आणि गर्श्विनला ते इतकं आवडलं की तसंच ठेवलं. हा किस्सा मुलांना सांगा आणि तोंडाने तो आवाज काढायला लावा. घरभर दहा वेळा तो 'वाऽऽऽव' ऐकायची तयारी मात्र ठेवा.

जरा मोठ्या मुलांसाठी 'डीप पर्पल' या रॉक बँडचा 1969 मधला रॉयल अल्बर्ट हॉलचा कार्यक्रम पाहा. बँडच्या जॉन लॉर्डने त्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला, म्हणजे एखादा वादक किंवा गट ऑर्केस्ट्रासमोर उभा करणारी रचना. तिच्या पहिल्या भागात बँड आणि ऑर्केस्ट्रा चक्क एकमेकांशी भांडतात. कोण जिंकतंय हे मुलांनाच ठरवू द्या. हिपहॉपवेडं पोर असेल तर गॅब्रिएल प्रोकोफिएव्हचा टर्नटेबल (डीजेचं तबकड्या फिरवायचं यंत्र) आणि ऑर्केस्ट्रासाठीचा कॉन्चेर्टो आहे. त्यात व्हायोलिनवादकाच्या जागी डीजे तबकड्या घासतो. हा गॅब्रिएल म्हणजे 'पीटर अँड द वुल्फ' ही मुलांसाठीची सांगीतिक गोष्ट लिहिणाऱ्या सर्गेई प्रोकोफिएव्हचा नातू.

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकवणं

डबल बासची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला ती पेलतच नाही. चेलो आणि ट्रॉम्बोनही पातळ होतात, उरतात ते ड्रमचे टणटणीत ठोके. मग मुलाला ड्रमच ऐकू आला यात नवल काय? तोच मिनिटभराचा तुकडा आधी मोबाईलवर आणि मग बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरवर लावून बघा, फरक मूलच सांगेल.

मूल कानांवर हात ठेवतं?

याचं कारण बहुधा संगीत नसतं, आवाजाचं बटण असतं. ऑर्केस्ट्राचा हळू भाग अगदी हळू असतो. तो ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो आणि पुढच्या क्षणी टिंपनी (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे), ट्रम्पेट आणि ड्रमसेट एकदम कोसळतात. त्यामुळे ट्रॅकमधला सर्वांत मोठा तुकडा आधी शोधा, त्यावर आवाज ठरवा आणि मग सुरुवातीला या. हेडफोन असतील तर जास्तच जपा: जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला 40 तास, सरासरी 75 डेसिबल अशी आहे. चालत्या गाडीत तर हे संगीत ऐकवूच नये. हळू भाग इंजिन खाऊन टाकतं.

"शांत बसून ऐक"

का बरं? लेनर्ड बर्नस्टाइनच्या 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीत नाटकातल्या नाचांच्या संगीतावरून ऑर्केस्ट्रासाठी केलेल्या 'सिंफनिक डान्सेस'मध्ये एक 'मॅम्बो' (लॅटिन अमेरिकन नाच) आहे, त्यात ऑर्केस्ट्रातले वादकच वाद्यं वाजवता वाजवता "मॅम्बो!" असं ओरडतात. तिथे मूल हाताची घडी घालून बसलं तर काळजी करावी! तीन-चार मिनिटांचा तुकडा, उठून ओरडायची मुभा, एवढं पुरे.

तसंच मध्ये मध्ये ट्रॅक थांबवून "आता सांग, कोणतं वाद्य?" असं विचारू नका. परीक्षा सुरू झाली की ऐकणं संपतं. नुसतं बोट वर करून "आला बघ ट्रॉम्बोन" म्हणा आणि गप्प बसा. वाद्य डोळ्यांनी दिसलं तर नाव लवकर बसतं, म्हणून वादक दाखवणारं चित्रण निवडा, कार्टून चिकटवलेलं नको.

फ्यूजनला साखर लावलेली गोळी समजणं

आज रॉक, महिन्याभरात बेथोव्हेन, असा बेत अनेक पालकांच्या डोक्यात असतो. मुलांना तो लगेच कळतो. गर्श्विन ही काही बेथोव्हेनकडे जायची पायरी नव्हे, तिथेच रमलं तरी काही बिघडत नाही. बुद्धी वाढेल ही आशाही सोडा: 'मोझार्ट इफेक्ट'ची, म्हणजे मोझार्टचं संगीत ऐकून बुद्धी वाढते या समजाची, सगळी चर्चा ज्या 1993 च्या प्रयोगावरून सुरू झाली, तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता आणि परिणाम जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकला होता.

आणि तोच एक ट्रॅक पुन्हा पुन्हा मागितला तर कंटाळून बदलू नका. पहिल्यांदा ठेका ऐकू येतो, ट्रॅक पाठ झाल्यावरच कान मोकळा होऊन मागच्या वाद्यांकडे वळतो. तेव्हा एखाद्या दिवशी सहज म्हणा, "आज फक्त चेलो काय करतोय ते ऐकू."