लॅपटॉप झोपेतून उठतो, पण स्क्रीन काळीच? फॉरमॅट मारण्याआधी हे करा

झाकण उघडलं, पंखा फिरतोय, पॉवरचा दिवा लागलाय, पण स्क्रीन काळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही दुकानात न्या, सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारूया", नाहीतर "बोर्ड गेलाय". दोन्हीला आधी नाही म्हणा. माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक मशीनमध्ये दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचाच, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणाऱ्या सॉफ्टवेअरचाच, निघाला आहे. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी.

स्क्रीन काळी असतानाच कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. बीप होऊन चित्र परतलं तर चोर सापडला. मशीन चालू होताना कंपनीचा लोगोसुद्धा अंधुक दिसत असेल, तर मात्र दोष पॅनेलचा किंवा केबलचा. तिथे दुकानच गाठा.

इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही. तिच्यातली कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दाखवून कुणी पार्ट बदलायला सांगितला तर ऐकू नका. पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद केलं की ४१ची नोंद होतेच. त्यातून कारण कळत नाही.

आता खरी अवघड पायरी: कुठला ड्रायव्हर बदलायचा? मी सगळ्यात जास्त अडकलो ते इथेच. लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड असलं की जो तो एनव्हिडियाचाच नवा ड्रायव्हर टाकत बसतो. पण अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्क्रीनची तार प्रोसेसरमधल्या इंटेल किंवा एएमडी ग्राफिक्सला जोडलेली असते. स्क्रीन उठवायचं काम त्याचं. म्हणून आधी तो ड्रायव्हर धरा, एनव्हिडिया नंतर.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक ड्रायव्हर. त्यानं आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट असेल, तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. सर्वात नवा हवा हा हट्ट सोडा. कंपनीनं त्या मॉडेलसाठी दिलेला हवा. "ड्रायव्हर अपडेटर" नावाची फुकट सॉफ्टवेअरं तर मशीनमध्ये येऊच देऊ नका.

फाइल हातात आली की वायफाय बंद करा. ही ओळ लोक गाळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. नेट चालू राहिलं तर तुम्ही काढलेला तोच ड्रायव्हर विंडोज अपडेट गुपचूप परत बसवतं. एका ग्राम वन केंद्रात, म्हणजे कर्नाटक सरकारच्या गावातल्या सेवा केंद्रात, हेच चाललं होतं. पहाणीच्या (जमिनीच्या उताऱ्याच्या) प्रिंटसाठी माणसं दारात उभी, आणि दर थोड्या दिवसांनी स्क्रीन पुन्हा काळी. ड्रायव्हर दरवेळी काढला जायचा, वायफाय कुणी बंद करत नव्हतं.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच अडॅप्टरवर राइट-क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस निवडा आणि ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीवर टिक करा. टिक नसेल तर जुनाच परत येतो. रीस्टार्ट झाल्यावर अक्षरं मोठी, ओबडधोबड दिसतील आणि पॉवर मेनूतून स्लीप गायब असेल. घाबरू नका. ड्रायव्हर खरंच निघाल्याची ती खूण आहे. उतरवलेली फाइल चालवा, पुन्हा रीस्टार्ट करा. शट डाउन करून चालू करणं पुरत नाही, कारण फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जुन्याच अवस्थेतून उठतात. स्लीप मेनूत परत आलं की काम झालं.

तपासताना पाच मिनिटं झोपवून खूश होऊ नका. एकदा चार्जरवर, एकदा बॅटरीवर, आणि एक रात्रभर. तिन्ही वेळा चित्र आलं तरच वायफाय लावा.

एवढं करूनही काळीच राहिली तर उरतो बायोसचा, म्हणजे बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचा, अपडेट. त्याआधी बिटलॉकरची (डिस्कला लागलेल्या विंडोजच्या कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा. पावसाळ्यात खानापूरकडे लाईटचा भरवसा नसतो, आणि अर्ध्यात लाईट गेली तर बोर्ड खरंच जाऊ शकतो. बॅटरी धरत नसेल तर यूपीएस मिळेपर्यंत बायोसला हात लावू नका. तोवर झाकण लावल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट (काम डिस्कवर साठवून मशीन बंद) होईल असं सेटिंग करून काम चालवा.