दात पांढरे करून घेताना
दात उजळवून घेण्याआधी दंतवैद्याकडून तपासणी आणि स्केलिंग (दातांवर साचलेला कडक थर खरवडून काढणे) करून घ्यावे, कारण चहा, तंबाखू किंवा मिश्रीचे वरवरचे डाग पुष्कळदा तेवढ्यानेच निघतात आणि किडलेल्या दातावर ब्लीच लावल्यास कळ थेट आतपर्यंत जाते. दवाखान्यात हिरड्यांवर संरक्षक थर देऊन साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे जेल लावतात. फरक त्याच दिवशी दिसतो.

घाई नसेल, तर मला घरचा मार्ग अधिक योग्य वाटतो. त्यासाठी दंतवैद्य दातांचे माप घेऊन पातळ ट्रे बनवून देतात. त्यात प्रत्येक दाताच्या दर्शनी बाजूला तांदळाच्या दाण्याएवढे १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल घालून, रात्री दात घासल्यावर तो बसवावा आणि हिरडीवर आलेले जेल लगेच पुसावे. साधारण दोन आठवडे हा क्रम ठेवावा. थंड पाण्याने सणक जाऊ लागल्यास एक रात्र सोडून ट्रे वापरावा आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट घ्यावी.

कॅप आणि दातात भरलेले सिमेंट मात्र उजळत नाही, म्हणून पुढच्या दाताची कॅप बदलायची असल्यास ती रंग स्थिरावल्यावरच, सुमारे दोन आठवड्यांनी बसवावी. लिंबू-सोडा किंवा कोळसा दातांवर कृपया घासू नये. त्याने इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, झिजते; झिजलेले इनॅमल परत येत नाही आणि आतला पिवळसर थर अधिकच दिसू लागतो.